फीचा रकाना

दुपारचं जेवण झालं की मेहकरच्या इंद्रभान वकिलांचे डोळे जड व्हायचे, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांची सून मंजुश्री लॅपटॉप उघडून पुढ्यात ठेवायची. पडद्यावर पुण्याची कुणी गोड आवाजाची मुलगी बोलत असायची. "सर, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलं अगदी आपोआप निघतात." दिवाळी होऊन गेली होती. खिडकीतून हिवाळ्याचं मऊ ऊन टेबलावर पसरलेलं, आणि वकीलसाहेब त्या उन्हात बसल्या बसल्या विरघळत चाललेले. मुलीचा आवाज लांब लांब जायचा आणि जवळ यायचा तो आतल्या स्वयंपाकघरातला आवाज. पातेलं ठेवल्याचा, आलं ठेचल्याचा, बांगड्यांचा.

"बाबा, ऐकून राह्यले ना?" मंजुश्री विचारायची.

"हाव," ते म्हणायचे. ते ऐकतच होते, फक्त भलतीकडचं.

आत कोणी नव्हतं. त्यांच्या पत्नी आशाबाईंना जाऊन वर्ष होऊन गेलं होतं, आणि त्या गेल्यापासून या वकिलांच्या ऑफिसातून एकही बिल बाहेर पडलं नव्हतं. सून, मुलगा शेखर आणि ते स्वतः, असे तीन वकील एका घरात राबत होते आणि फी मागायचं नाव कोणी घेत नव्हतं. मुलाला आणि सुनेला वाटे, बाबा सांगतील. बाबा काही सांगत नव्हते. कोर्टात भल्याभल्यांची बोलती बंद करणाऱ्या या माणसाच्या तोंडून फीचा आकडा जन्मात कधी निघाला नव्हता, हे त्या दोघांना कुठून माहीत असणार!

फी ठरायची ती स्वयंपाकघरात. पुढच्या बैठकीत पुरुष आपली केस मांडायचे. त्यांच्यासोबत आलेल्या बायका आत आशाबाईंजवळ टेकायच्या, आणि पुढे जे तासभर लपवलं जाई ते आत घडीभरात बाहेर येई. घरात खरं काय चाललंय, कोण आजारी आहे, कोणाच्या पोरीचं लग्न अडलंय, कोण उगाच रडतंय. मग स्वयंपाकघराच्या दारावरचा पडदा सरकायचा आणि चहा यायचा. स्टीलच्या पेल्यात आला, तर फी पूर्ण. कपबशीत आला, तर निम्मी. चहाबरोबर पोह्यांची बशी आली, तर या माणसाकडून काही घ्यायचं नाही. आणि नुसताच पाण्याचा तांब्या आला, तर केसच घ्यायची नाही, माणूस खोटा आहे. इंद्रभान ट्रेकडे एक नजर टाकत आणि ठरलेलं कागदावर लिहून पक्षकारापुढे सरकवत. दोघांत याबद्दल कधी एक शब्द झाला नव्हता. नवं लग्न होतं तेव्हा कधीतरी सुरू झालं आणि संसारासारखंच चालत राहिलं.

आता पक्षकार येत, बोलत, बोलणं संपे. वकीलसाहेब पडद्याकडे बघत बसत. पक्षकारही चुळबुळत बसे. शेवटी "येतो साहेब" म्हणून तो उठे. कोणी टेबलावर काही ठेवून जाई, कोणी तसाच जाई. "असं चाललं तर ऑफिसले कुलूप लावा लागते, बाबा," मंजुश्री एकदा स्पष्ट बोलली. तिचं खरं होतं, त्यांनाही कळत होतं. पण आपण फी तोंडानं बोललो, की आशाबाई या घरातून कायमच्या गेल्या, असं काहीतरी त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. ते कोणाला सांगायचं? सुनेला?

म्हणून मंजुश्रीनं सॉफ्टवेअर शोधायला घेतलं, आणि बाबांनी नाही म्हटलं नाही. यंत्रानं फी ठरवली तर आपल्याला बोलावं लागणार नाही, हा त्यांचा लबाड हिशोब होता.

पहिलं सॉफ्टवेअर घड्याळावर चालायचं. पक्षकार खुर्चीत बसला की कळ दाबायची, उठला की पुन्हा दाबायची, मिनिटांप्रमाणे बिल तयार. इंद्रभाननी पडद्यावरच्या मुलीला विचारलं, "एखादा माणूस येते, काहीच बोलत नाही, नुसता बसून राह्यते. त्याचे बी पैसे लागतात का?"

"हो सर, वेळ म्हणजे वेळ."

"मंग आमी खिडकीतून पाहत त्याच्या केसचा विचार करतो, ते?"

"त्याचेही लावता येतात, सर." मुलगी उत्साहानं म्हणाली. खिडकीबाहेर पाहण्याचे पैसे लावले तर आपण तालुक्यातले सगळ्यात श्रीमंत वकील होऊ, असं त्यांच्या मनात आलं आणि ते स्वतःशीच हसले. मंजुश्रीनं ते सॉफ्टवेअर बाजूला ठेवलं.

दुसरं तिला फार आवडलं. त्यात कामाचे दर एकदाच भरायचे: वाटणीचा दावा असेल तर इतके, हद्दीचा असेल तर इतके. मग कोणी काही विचारायचं नाही, सांगायचं नाही. बिल थेट पक्षकाराच्या मोबाइलवर. तिसरं स्वस्तातलं होतं. ते सगळा जमाखर्च नीट ठेवायचं, पण दर बिलाला फीचा रकाना रिकामा सोडून विचारायचं, फी किती? "हे तर काहीच करत नाही," मंजुश्री वैतागली. "उलट आपल्यालेच विचारते." बाबा म्हणाले, दुसरंच घेऊ. ते घाईनं म्हणाले.

मंजुश्रीनं तपासून पाहण्यासाठी दुसऱ्यात चार पक्षकारांची नावं भरली. सॉफ्टवेअर बोलल्याप्रमाणे वागलं आणि त्याच संध्याकाळी बिलं पाठवून मोकळं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन टेबलावर यायच्या वेळेला, उंद्रीचे रामराव दारात उभे. मोठे जमीनदार, पांढरीफेक टोपी, आणि चेहरा असा की कोणी भर बाजारात धक्का दिलाय.

"वकीलसाहेब, हे काय लावलं तुमी?" त्यांनी मोबाइल पुढे धरला. "माह्या सालगड्याले जेवढं बिल, तेवढंच मले? मी काय कंगाल झालो?"

मंजुश्री गडबडली. "काका, दोघांच्या बी केसेस हद्दीच्याच हायेत ना, म्हणून..."

"हद्दीची असो का आणखी कायची असो, पोरी! त्या गड्याले या घरात पोहे भेटत होते. मले स्टीलचा पेला भेटत होता. काठोकाठ!"

इंद्रभान खुर्चीत ताठ झाले. "तुमाले कोणं सांगतलं?"

"सांगाले काय लागते? सारा तालुका जाणते." रामराव आता जरा ओशाळून खाली बसले. "आमी तुमच्याकडून निघालो की गावात पयले हेच विचारत. काय भेटलं, पेला का कप? पेला भेटला म्हणजे माणूस उभा हाय, असं लोक समजत. अन् ज्याले पोहे भेटले त्याले कोणी हसत नव्हतं बरं. वैनीनं केलं म्हटल्यावर कोण हसन!"

वकीलसाहेबांना वाटत होतं, हे त्या दोघांचं गुपित आहे. सगळ्या गावांनी ते आपापल्या घरात जपून ठेवलं होतं आणि एकानंही इतक्या वर्षांत तोंड उघडलं नव्हतं.

"हे मशीनचं बिल मी देत नाही," रामराव म्हणाले. "तुमी सांगा. तुमच्या तोंडानं."

ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं. इंद्रभाननी सवयीनं पडद्याकडे पाहिलं. आत पातेलं वाजलं, आलं ठेचल्याचा वास आला, आता येईल, आता सरकेल पडदा. ते वाट पाहत राहिले. जणू रामरावही वाट पाहत होते. मंजुश्री एकदा सासऱ्यांकडे आणि एकदा त्या पडद्याकडे पाहत होती, आणि वर्षभर बाबा तिकडे काय बघत बसतात ते तिला आत्ता कुठे समजलं. वारा आला तेव्हा पडदा थोडा हलला. आत स्वयंपाकघर रिकामं होतं, ओटा कोरडा होता.

मग त्यांनी पडद्यावरची नजर काढली आणि समोरच्या माणसाकडे पाहिलं. इतकी वर्षं रामराव यायचे, पण पाहिला होता तो ट्रे. रामरावांचा चेहरा त्यांनी धड पाहिलाच नव्हता. थकला होता माणूस, पण उभा होता, आणि तसंच उभं राहायचं म्हणून आज इथवर आला होता. त्याला सूट दिली तर ते त्याला खाली पाडणं होईल.

"पूर्ण," इंद्रभान म्हणाले. आवाज फाटला. त्यांनी पुन्हा सांगितलं. "रामराव, तुमची फी पूर्ण."

"बस! हेच आयकाचं होतं." रामरावांनी टोपी सारखी केली. उठता उठता ते वकीलसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

मंजुश्रीनं हळूच विचारलं, "बाबा, मंग कोणतं घ्यायचं?"

"तिसरं. जे आपल्याले विचारते ते."

"अन् दरवेळी तो रकाना कोण भरीन?"

"मी भरीन. माह्यामागं तू भरशीन. पण पयले समोरच्या माणसाकडं पाहाचं, चांगलं पाहाचं, मंग भराचा." वर्षभर त्यांना वाटत होतं की आशाबाई आतच आहेत, चहाला जरा उशीर होतोय, इतकंच. "मंजू," ते म्हणाले, "तुही सासू गेली व." आणि सुनेसमोर, भर दुपारी, ते लहान मुलासारखे रडू लागले.