उजवा कौल

चौकशीचे साहेब रत्नागिरीच्या कचेरीत एसी लावून बसले होते, आणि बाहेर व्हरांड्यात केरू गावकर सकाळपासून धुमसत होता. शेजारी सून शमिका, तिच्या मांडीवर डोकं टेकून नात सानवी. पोरीच्या गळ्याला ओढणी गुंडाळलेली, तिच्याखाली सुजलेली गाठ. पोरीला मुंबईला नेऊन ती गाठ काढायची होती, आणि अणुऊर्जा प्रकल्पाच्या अपघातातली पोर म्हणून सरकारनंच ते करायचं होतं. पण अहवालाच्या मसुद्यात कुणा शहाण्यानं एक ओळ घुसडली होती ना! ‘ग्रामस्थांनी अंधश्रद्धेपोटी गाव सोडण्यास विलंब केला.’ ती राहिली की दोष गावाचा, आणि सानवीची गाठ तिच्या आईबापाच्या गळ्यात.

“तात्या, आत आवाज चढवू नका हां,” शमिका म्हणाली. “पोरीचं काम आहे.”

“मी कधी चढवतो आवाज?” केरू ओरडला.

साहेब मात्र भलतेच गोड. “बसा आजोबा. भट्टीत स्फोट झाला त्या सकाळी तुम्ही देवळात कौल लावलात, हे खरं?”

“खरं. धोंडू गुरवानं लावला. आमच्यात विहीर खणायची तरी देवीला विचारतात. घरदार सोडायचं नि विचारायचं नाय?”

“त्यात बराच वेळ गेला असेल.”

“कसला वेळ? चहा उकळतो तेवढा! पाषाणाला ओली पाकळी चिकटवायची नि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाय. गाव सोडू काय, विचारलं. धोंडूचं गाऱ्हाणं संपायच्या आधीच उजवी पडली.”

“म्हणजे, जा?”

“जाच! बायका गाठोडी बांधायला धावल्या पण.”

“मग गेला का नाहीत?”

हा प्रश्न लांज्याच्या काजू कारखान्यात, जिथं अख्खा गाव आता पत्र्याखाली राहत होता, तिथं केरूला कुणी तोंडावर विचारला नव्हता. त्या सकाळी गाठोडी बांधून होतायत तोवर प्रकल्पाची जीप आली होती, टपावर भोंगा. घाबरू नका, घरातच थांबा, सर्व नियंत्रणात आहे. लोकांनी केरूकडे बघितलं, कारण गावकराचा, गावच्या मानकऱ्याचा, शब्द शेवटचा. आणि केरू छाती काढून म्हणाला होता, “देवीला काय कळतंय त्या भट्टीतलं? ही शिकलेली माणसं आहेत. चला घरात.” घरात कोंडून राहीना म्हणून सानवी दिवसभर अंगणात खेळत होती. गावाला न्यायला बस आली दिवेलागणीला.

हे सगळं त्यानं साहेबांना सांगितलं. स्वतःचं बोलणंसुद्धा गाळलं नाही. मग कारकुनानं लिहिलेलं वाचून दाखवलं. “देवीस कौल लावल्याचे साक्षीदाराने मान्य केले. गाव सायंकाळी रिकामे झाले.”

“अरे मेल्या, आणि मधली जीप कुठं गेली?”

“जीपची कुठंच नोंद नाही, आजोबा,” साहेब म्हणाले. “लिहिलंय त्यात खोटं काही आहे का? सही करा. सही नसेल तर तुमची साक्षच धरता येणार नाही.”

केरूचं डोकं भणभणलं. सही केली तरी बुडालो, नाही केली तरी बुडालो! आवाज ऐकून शमिका दारात आली होती. तिचे डोळे भरले होते.

“करून टाका तात्या. कागद पुढं तरी सरकू दे.”

केरूनं पेन घेतलं. सही करायच्या जागेवर तो सावकाश, एकेक अक्षर दाबत लिहीत सुटला. ‘अंधश्रद्धा होती. जीपवरच्या भोंग्यावर होती. गावाला मी थांबवलं.’ आणि खाली सही ठोकली.

साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. “असं चालत नाही हो. कागद खराब केलात.” मग कारकुनाकडे वळून म्हणाले, “दुसरी प्रत काढा.”

“काढा,” केरू म्हणाला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून बसला. “तिच्यावर पण हेच लिहिणार.”

शमिकानं सानवीला आत आणलं, केरूच्या शेजारी साहेबांच्या समोर बसवलं आणि तिच्या गळ्याची ओढणी सोडली.