जोत्याचा गरम दगड

प्रेमनं चूक केली ती एवढीच, की कामावरचा शब्द घरी आणला. ड्रायव्हर माणूस तो, त्याच्या पोटात काही राहतं होय?

हिमायतनगरच्या बाहेर ग्रॅनाइटची टेकडी हाय. तिथं युरेनियम शोधणारे आले होते आणि त्यांची जीप प्रेम चालवायचा. त्यांच्या मुख्य उजमा मॅडम, नांदेडच्याच. त्या दगडाला मशीन लावायच्या, मशीन टिकटिक करायचं. टिकटिक वाढली की मॅडम म्हणायच्या, हा गरम आहे, आणि त्या दगडावर रंगाचा ठिपका पडायचा. खाणबिण काही नाही, बरं का. दगडाच्या भेगांतून पाणी झिरपताना युरेनियम कुठं साचलंय का, एवढंच बघायचं. मॅडम म्हणायच्या, सध्या नुसती बघाबघी चाललीय, सुपारी फुटायला लई अवकाश आहे, आणि बहुतेक स्थळं तर मोडतातच.

प्रेमनं हे सगळं जेवताना ऐटीत सांगितलं. वर हेही जोडलं, की आपल्या घराचं जोतं त्याच टेकडीच्या दगडाचं, म्हणजे आपण बी गरम दगडावरच राहून राहिलो. झालं! त्याची आई सुमनबाई भाकरी थापता थापता थांबली. सून ज्योत्स्ना सातव्या महिन्यात. पपई गरम, तीळ गरम म्हणून जिला चाखू दिले नाहीत, ती पोर गरम दगडावर झोपते? सुमनबाईनं तिथल्या तिथं हुकूम सोडला, पोरीला लातूरला माहेरी धाडा.

खरी गोम इथंच होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत प्रेमला मुळात पटायची नाही. आपलं लेकरू आधी आपण बघायचं, सासऱ्यानं पाठवलेल्या फोटोत नाही, हा त्याचा हट्ट. दवाखाना त्यानं नांदेडचा ठरवूनही टाकला होता. ज्योत्स्नाला दोनदा सांगितलं, ती दोन्ही वेळा "बघू" म्हणाली, आणि हा गडी त्याला होकार धरून बसला.

"खुद्द महामाया बी माहेरालाच निघाली होती," सुमनबाई म्हणाली. त्या घरात बुद्धाच्या आईचं नाव निघालं की विषय संपायचा. पण प्रेम कसला ऐकतोय!

"हाव, आन् वाटंतच बाळंत झाली, झाडाखाली. लातूरच्या रोडला तर तेवढं झाड बी राह्यलं न्हाई."

सुमनबाईनं त्याच्या ताटातली भाकरी उचलून परत टोपलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी प्रेमनं उजमा मॅडमना घरी आणलं. मॅडमनी जोत्याला मशीन लावलं, ते टिकटिकलं. मग त्यांनी नीट समजावलं, की ग्रॅनाइट म्हटला की त्यात चिमूटभर युरेनियम असायचंच, आम्ही गरम म्हणतो ते पपईसारखं गरम नव्हे, या जोत्यानं कुणाला काही होत नाही. सुमनबाईनं मान डोलवत सगळं ऐकलं, चहा दिला आणि एकच विचारलं, लातूरचा काळा दगड किती गरम? मॅडम पडल्या सरळ. म्हणाल्या, तो जुन्या लाव्ह्याचा, त्यात टिकटिक अगदी कमी. "मग झालं तर," सुमनबाई म्हणाली. प्रेमला वाटलं, कशाला आणलं या बाईला!

पण तोही काही कमी नव्हता. त्याचे सासरे साहेबराव जिल्हा परिषदेतून रिटायर झाले, तेव्हा त्यांनी लातूरच्या घरात दारापासून मोरीपर्यंत चकचकीत लाल ग्रॅनाइट बसवला होता. पुढच्या आठवड्यात मॅडमना तुलनेसाठी काळ्या दगडाचं मोजमाप घ्यायला लातूरकडं जायचं होतं. प्रेमनं चहाच्या निमित्तानं जीप सासऱ्याच्या गल्लीत घातली आणि आर्जव करकरून मशीन फरशीवर ठेवायला लावलं. ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसं ते तडतडलं. घरच्या जोत्यापेक्षा जास्त! यातही भिण्यासारखं काही नाही, असं मॅडम सांगत होत्या, पण साहेबरावांनी दोन्ही पाय सोफ्यावर घेतले आणि सासूबाई घाईघाईनं सतरंज्या अंथरायला लागल्या. परतीच्या वाटेवर मॅडमनी प्रेमची चांगली हजेरी घेतली. त्याला काय त्याचं, तो भोकरपर्यंत शीळ घालत होता.

घरी आल्या आल्या त्यानं विजय जाहीर केला. लातूर आपल्याहून गरम, आता कुणी कुठं जायचं नाही. सुमनबाईनं सुनेकडं बघितलं आणि वाळलेले कपडे काढायचं निमित्त करून मागं निघून गेली.

ज्योत्स्ना म्हणाली, "आमच्या फरशीला इचारून आले. मला एकदा तरी इचारलं का?"

प्रेमनं हातातली जीपची किल्ली खाली ठेवली.

"दगडाचं निमित्त होतं. मीच आत्याबाईला आधी म्हणले होते, मला आईजवळ जायचंय, भ्या वाटून राहिलंय. त्या म्हणल्या, माझा लेक सरळ सांगून ऐकत न्हाई, म्हणून दगडावर ढकललं."

प्रेमची शीळ कुठल्या कुठं गेली. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि बायकोची लई माया आली. तो तिच्याशेजारी खाली बसला आणि कशाचं भ्या वाटतं ते विचारलं. तिनं सांगितलं. कळा सुरू झाल्या आणि तुमी टेकडीवर असले, फोन लागलाच न्हाई तर काय करू?

"जा तू," तो म्हणाला. "उद्याच सोडतो. फकस्त लेकरू झालं की पहिला फोन मला कर."

"फोन कशाला?" ज्योत्स्ना म्हणाली. "तुमी तिथंच असान की. मी माहेरी जाते म्हणले. तुमी येऊ नका, असं कवा म्हणले?"

हे प्रेमच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तो तसाच उठला, मागच्या दारात गेला आणि आईला म्हणाला, ज्योत्स्नाची पिशवी भरशील तेव्हा माझे बी दोन शर्ट टाक.