शून्य घड्यांची चादर

"सर, हे टोक धरा जरा," म्हणत अल्काबाईंनी चादर चंद्रकुमार सरांच्या हातात दिलीच.

नवेगाव बांधच्या एका लॉजच्या चादरी धुऊन, घडी घालून पोचवायचं काम त्यांचं. एरवी दुसरं टोक त्यांची मोनाली धरायची. आज ही आठवीतली पोर गणिताच्या वहीकडे पाठ करून ओट्यावर बसली होती. तालुक्याच्या गणित परीक्षेला बसणार नाही म्हणाली होती. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. सर फॉर्म खिशात घालून तिची समजूत काढायला आले होते.

"दोनाचा शून्य घात एक. नियम आहे, मोनाली. पाठ कर अन् मोकळी हो."

"काऊन एक? दोन घेतलाच नाही तं शून्य पाहिजे ना! समजत नाही ते मी नाही लिहीत."

बावीस वर्षं सर हेच वाक्य सांगत आले होते आणि पोरं मुकाट्याने उतरवून घेत होती. ही पहिलीच अडून बसलेली. सरांना रागवायचं होतं. पण मनातून तिचं कौतुकच वाटत होतं.

"दोनाचा तिसरा घात किती वं?" अल्काबाईंनी विचारलं.

"आठ."

त्यांनी सरांना जवळ यायची खूण केली. एक घडी, दोन पदर. दुसरी घडी, चार. तिसरी, आठ. मग त्या एकेक घडी उलगडत गेल्या. चार. दोन. शेवटची घडी सुटली आणि चादर दोघांच्या मधे ताणून उभी राहिली.

"आता घड्या किती?"

"शून्य."

"मंग चादर गायब झाली का?"

मोनाली उठली. चादरीजवळ येऊन उभी राहिली.

"एक हाये," ती हळूच म्हणाली. सरांच्या खिशातून तिने स्वतःच फॉर्म काढून घेतला आणि सही केली.

सर बघतच राहिले. "कितवी शिकलात, अल्काबाई?"

"सातवी पास. आठवीत हाच नियम आला अन् शाळा सुटली. माहेरच्या शाळेत तुम्हीच होते सर, नवेनवे. तवा मी काही विचारलं नाही." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "ही विचारते."

सरांनी हातातलं टोक तेवढं सोडलं नाही.

"सर," मोनालीची नजर कोनाड्यातल्या कात्रीवर गेली होती, "उणे एक घात असला तं अर्धी चादर का?"

अल्काबाईंनी घाईघाईने चादर छातीशी ओढली. 'नियम आहे' हे सरांच्या ओठांवर आलंच होतं. त्यांनी ते गिळलं.

"अल्काबाई, घरात एखादी जुनी, फाटकी चादर असेल का?"