चौथी बेल

त्या मंगळवारी सकाळी आमच्या घरमालकीण फ्रेकें बाईंनी सुरीच्या टोकाने चौथ्या बेलवरची नावाची पट्टी काढली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

"झालं. आता माळ्यावर कोणी राहत नाही," त्या म्हणाल्या.

"आणि जो राहतो त्याचं काय, लोणचं घालायचं?" मी विचारलं.

"ओडेट, तोंड आवर. तुम्हा सगळ्यांच्या भल्याचंच करतेय."

आमच्या कसल्या भल्याचं, स्वतःच्या परवान्याचं. आमच्या लिएझ शहरात अशा एकेक खोल्या भाड्याने द्यायच्या तर परवाना लागतो, आणि परवान्याआधी तपासनीस येऊन खोली मोजतो, खिडक्या उघडून बघतो, गॅसची नळी चाचपतो. माझी खोली पास होणार होती, शेजारच्या नर्सचीही. माळ्याची सात जन्मांत झाली नसती. तिथलं छप्पर इतकं खाली की ताठ उभं राहायचं तर मधोमधच उभं राहावं लागे. आणि तिथे देझिरे राहत होता, बायको गेल्यापासून एकटा, पोलाद कारखान्याची धूळ छातीत घेऊन. तो दिसला की खोलीला सील, आणि ऐन फेब्रुवारीत म्हातारा रस्त्यावर. बाईंच्या परवान्याशी मला घेणंदेणं नव्हतं. देझिरेसाठी मी त्यांना सामील झाले.

"तपासणी होईपर्यंत तुम्ही कोपऱ्यावरच्या कॅफेत बसा," मी त्याला सांगितलं.

"पोरी, आज मंगळवार. कॅफे बंद. मालकाचं कुत्रंसुद्धा तिथे नसतं आज." तो कोट घालूनच बिछान्यावर बसला होता. "मी इथेच बसतो, उंदरासारखा."

"उंदीर खोकत नाही, म्हातारबा."

तो हसला आणि हसता हसता खोकला. त्या खोकल्याची सगळ्या घराला सवय होती. खालून बेल दाबली की देझिरे दचकायचा, आधी खोकायचा, मग 'आलो' म्हणायचा. टपालवाला तर म्हणायचा, या घरात बेल दाबली की खोकला वाजतो.

"खोकला आलाच तर तोंडावर उशी धरीन," देझिरे म्हणाला. "मला इथून हलवू नका म्हणजे झालं."

"आणि हीटर लावायचा नाही. सिलिंडरच्या गॅसचा वास जिन्यात येतो."

"नाही लावत, आजीबाई."

मग बाईंनी आणि मी जिन्यातलं जुनं कपाट ढकलत त्याच्या दारापुढे आणलं. खालच्या फटीतून उजेड दिसू नये म्हणून बाईंनी तिथे घोंगडी कोंबली. खिडकीच्या फटी त्याने थंडीपायी केव्हाच चिकटपट्टीने बुजवल्या होत्या. मला ते ठाऊक होतं, पण तेव्हा काही डोक्यात आलं नाही.

तपासनीस म्हणून आली ती लाँब्योत नावाची एक तरुण बाई. सर्दीने नाक लाल, हातात मोजपट्टी. कामाला मात्र इतकी सावकाश की मला तिला ढकलावंसं वाटलं. तिने माझी खिडकी दोनदा उघडून बंद केली. नळाखाली हात धरून पाणी तापेपर्यंत थांबली. मी आपली कान वर लावून. शेवटी आम्ही कपाटापाशी पोचलो.

"याच्या मागे काय आहे?"

"अडगळ," फ्रेकें बाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांचे जुने बूट. टाकवत नाहीत हो." आणि चक्क डोळे पुसले. नाटकी बाई.

लाँब्योतने कपाटावर बोटांनी टकटक केली. आत काही हललं नाही. खोकला नाही, चूं नाही. शाबास म्हातारबा, मी मनात म्हटलं, आज तुम्हाला आवडतात ते गोडसर रश्शातले खिम्याचे गोळे करते.

ती खाली येऊन फ्रेकें बाईंच्या टेबलाशी बसली. बाईंनी कॉफी दिली, बिस्किटं दिली. तिने नाक शिंकरलं, लिहिलं, पुन्हा शिंकरलं. शेवटी म्हणाली, "ठीक आहे. तीन बिऱ्हाडं, तिन्ही योग्य." बाईंचा चेहरा असा फुलला की बघवेना. आम्ही जिंकलो होतो. तिला सोडायला दारापर्यंत गेलो.

दारात हातमोजे घालताना तिची नजर बेलवर गेली.

"बेल चार आहेत."

"चौथी मेलेली आहे," बाई चटकन म्हणाल्या.

लाँब्योतने ती दाबली. माळ्यावर घणघण वाजली, जिवंत आणि खणखणीत. बाईंनी ओठ चावला. लाँब्योतने वर बघितलं, पुन्हा दाबली, चांगली धरून ठेवली. वरून काहीच आलं नाही.

"वायर काढायची राहिली वाटतं," ती म्हणाली आणि पायरी उतरली.

मग माझ्या लक्षात आलं. बेल वाजली आणि तो खोकला नाही. उशी धरली तरी घुसमटलेला आवाज यायला हवा होता. इतक्या वेळात एकदाही नाही. हा माणूस झोपेतसुद्धा खोकतो. तोंड उघडलं तर त्याचं घर जात होतं. नाही उघडलं तर काय जात होतं, ते मला एकदम कळलं.

"वर माणूस आहे," मी म्हणाले.

"ओडेट," बाई कुजबुजल्या.

"कपाटामागे माणूस आहे, बाई. चला, हात लावा."

लाँब्योत बॅग फेकून माझ्यामागे धावली. कपाट आडवं पाडलं, घोंगडी ओढली, दार उघडलं. आत कोंदट ऊब होती आणि हीटर जळत होता. देझिरे उशी छातीशी धरून बेशुद्ध पडला होता, कोंडलेल्या विषारी वायूने गाल गुलाबी, लहान मुलासारखे. तिने मोजपट्टीच्या डबीने काच फोडली. आम्ही त्याला खांद्यांना धरून जिन्यात ओढलं.

रुग्णवाहिका येईपर्यंत ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"मला सांगितलं असतं तर," ती म्हणाली, "खोली बंद केलीच असती. पण याच्यासाठी आधी जागा शोधली असती. मी काय माणसं रस्त्यावर टाकायला येते?"

आम्ही असंच धरून चाललो होतो.

देझिरे वाचला. माळ्याला सील लागलं, बाईंचा परवाना लटकला, त्या माझ्याशी बोलत नाहीत. पालिकेने त्याला जागा द्यायचं कबूल केलंय, पण ती मिळेपर्यंत तो माझ्या पलंगावर आणि मी जमिनीवर. माझी खोली एकाच माणसाची आहे आणि तिथे आम्ही दोघं राहतोय, हे लाँब्योतला मी स्वतः फोन करून कळवलं आणि बेलवर माझ्या नावाखाली त्याचं नाव ठळक लिहिलं.

"तुला गप्प बसता आलं नाही ना, पोरी," तो पहिल्या दिवशी रागाने म्हणाला. "घर घालवलंस माझं."

"घालवलं," मी म्हटलं. "जेवा आता."

रात्रभर खोकतो मेला. शेजारची नर्स भिंतीवर हात आपटते. मला त्याचं काही वाटत नाही, मी खुशाल झोपते. खोकला थांबला की मात्र उठून बसते.