दप्तर भरून ठेवा

मी दप्तर बोलतोय. शाळेचं, कचेरीचं नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सगळा घोळ याच शब्दाने घातला.

मला आई-बाबांनी मिळून आणलं. निळा रंग खारूने, म्हणजे त्यांच्या लेकीने, पसंत केला. पुढे दोघांचं बिनसलं, घरं दोन झाली आणि माझी झडती सुरू झाली. आई डबा हुंगते, "काय चारलं ग त्याने?" बाबा वह्या उलटसुलट करतात, "आईने काही पढवलं नाही ना?" आता मीही संशयी झालोय. चेनला कुणाचा हात लागला की आधी तो कुणाचा ते बघतो.

खारूने कुणाकडे राहायचं यावर कौटुंबिक न्यायालयात तडजोडीची बैठक ठरली. आदल्या संध्याकाळी आईच्या वकीलकाकांचा फोन आला. काका जुन्या वळणाचे, खटल्याच्या कागदपत्रांना दप्तर म्हणणारे. आई कपड्यांच्या घड्या घालत होती, म्हणून फोन स्पीकरवर.

"ताई, उद्यासाठी दप्तर नीट भरून ठेवा. काही राहायला नको. मग परत घरी येता येणार नाही."

खारूने ऐकलं. गुपचूप माझी पुस्तकं काढली आणि ब्रश, झोपायचा फ्रॉक, स्वेटर, उशीचा अभ्रा कोंबला. मला शंका आली, पण मला विचारतो कोण!

सकाळी आईने सवयीने चेन उघडली. ब्रश बघून तिचं डोकंच फिरलं.

"हा त्याचाच डाव! तिथून परस्पर न्यायचंय तुला. बाबांनी सांगितलं ना?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस."

"काकांनी सांगितलं," खारू रडवेली झाली. "दप्तर भरा, परत घरी येता येणार नाही. अभ्रा तुझा घेतलाय. चालेल ना?"

आईने अभ्रा परत आत ठेवला आणि हळूच चेन लावली.

आता आम्ही न्यायालयाच्या बाकावर आहोत. मला फुगलेलं बघून बाबांच्या कपाळावर आठी आली.

"एवढं काय भरून दिलंयस?"

"मी नाही दिलं. तूच बघ," आई म्हणाली, "आणि का भरलं ते तिला विचार."

त्यांनी विचारलं. आता ते अभ्र्याची नीट घडी घालताहेत.

दोघांवर माझा अजून पुरता विश्वास नाही. पण आई, बाबा, आत जाण्याआधी एवढं तरी सांगा तिला, आज ती कुठे झोपणार आहे. सकाळपासून तिने मला पाठीवरून उतरवलेलं नाही.