पाठीचे केस

लोक विचारतात, मेहरुन, दिवसभर काय करतेस? मी सांगते, माशा बांधते. हसतात मेले. रिकामटेकडे माशा मारतात, मी बांधते! गळावर बकरीचे केस दोऱ्यानं आवळायचे, त्यांचेच पंख करायचे, खरा किडा वाटला पाहिजे. पाण्यावर तरंगली तर मासा वर येऊन धरतो. तिला कोरडी माशी म्हणतात. बुडाली की संपली.

ती तरंगती कशी ठेवायची, ते माझ्या जिनतनं शोधलं. पोटाचे केस मऊ, बांधायला सोपे, पण पाणी पितात. पाठीचे ताठ, हट्टी, आतून पोकळ. "अम्मी, पाठीचेच घे," म्हणायची. एकोणीस वर्षांची पोर, डेंगीनं आठ दिवसांत नेली. धड एक फोटो नाही तिचा माझ्याकडे.

शनिवार पेठेत पूर्वाताईंचं गळांचं दुकान आहे, त्यांच्यासाठीच मी बांधते. त्यांनी या माशीच्या डब्या काढायचं ठरवलं, तेव्हा जन्मात पहिल्यांदा मी काही मागितलं. म्हटलं, "ताई, डबीवर जिनतचं नाव टाका. तेवढंच राहील तिचं."

मोबाइलमधून मान वर न करता त्या म्हणाल्या, "बघू."

बघू! अहो, हयात गेली माझी पुण्यात. इथं 'बघू' म्हणजे 'नाही', हे शेंबडं पोरही सांगेल. मी गप घरी आले आणि भाकऱ्या थापताना ढसाढसा रडले.

पुढच्या रविवारी खडकवासल्याच्या काठावर खराडीच्या कंपन्यांमधले हौशी लोक जमणार होते. नवी माशी त्यांना पाण्यावर दाखवायची होती. ताईंचा फोन आला, "चाची, बारा माशा हव्यात, तुमच्याच हातच्या." माझ्या अंगाची नुसती आग झाली. पोरीचं नाव नको, अक्कल तेवढी हवी! म्हटलं, थांबा, तुमच्या दुकानाचं नाव चारचौघांत बुडवते. बाराच्या बारा पोटाच्या केसांनी बांधल्या. पाणी शिरू नये म्हणून लावतात ते मेणही लावलं नाही. दिसायला मात्र अशा देखण्या झाल्या, की कुणाला संशय येऊ नये.

रविवारी मीही काठावर उभी होते. पहिली टाकली, बुडाली. दुसरी टाकली, तीही गेली. टोपीवाला एक जण ओरडला, "मॅडम, ही माशी आहे की नांगर?" सगळे खो खो हसले. ओढणीआड मीही हसले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पूर्वाताईंचा चेहरा एवढासा झाला. तशाच त्या माझ्याकडे आल्या आणि पिशवीतून नवी डबी काढून माझ्या हातात ठेवली. सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'जिनत'. खाली बारीक, 'मेहरुन यांच्या लेकीची माशी'.

"सगळ्यांसमोर द्यायची होती," त्या म्हणाल्या. "आज असं कसं झालं हो, चाची?"

मी म्हटलं, "पण तुम्ही... 'बघू' म्हणाला होतात."

"मग, बघितलं ना! अहो, मी नागपूरची. आमच्याकडे बघू म्हणजे बघू."

पाठीचे केस घरी पिशवीभर तसेच पडले होते.

मागे तो टोपीवाला गळाची दोरी गुंडाळत होता. त्याच्या मित्रानं माझ्या हातातल्या डबीकडे वाकून पाहिलं.

"काय नाव रे हिचं?" टोपीवाल्यानं विचारलं.

"जिनत."

"जिनत ना? लक्षात ठेव. बुडते."