पूर्णविरामाशी अडणारं अनडू

सासूबाईंनी तीस वर्षं कोर्टात टायपिंग केलं. एकदा कागद चढवला की पान संपेपर्यंत हात उचलायचा नाही, हा त्यांचा बाणा. बोलणारे साहेब थकायचे, पण या बाई थकतील तर शपथ! निवृत्त झाल्यावर त्यांनी घरबसल्या एका दवाखान्याचं काम मागितलं. डॉक्टरांचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि रिपोर्ट टाइप करायचे. चाचणीला बारा रिपोर्ट आले. शुक्रवारी पाचच्या आत गेले तर काम त्यांचं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं.

सून प्रोग्रॅमर. माउसने सासूबाईंचं मनगट दुखतं, म्हणून तिने आपला एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, त्यांच्या लॅपटॉपवर घालून दिला. त्यात सगळा कारभार कीबोर्डवरच. पण डॉक्टर निघाले लहरी. मध्येच म्हणायचे, "शेवटचं वाक्य खोडा." सासूबाई अनडू दाबायच्या, म्हणजे नुकतंच केलेलं मागे घेण्याची कळ, आणि अख्खं पान गायब!

"अगं बाई, गिळलं की मेल्यानं!"

सून हसली. "आई, तुम्ही हातच उचलत नाही ना, म्हणून तो सगळं पान एकच बदल धरतो. दर वाक्यानंतर थांबून एस्केपची कळ दाबत जा, म्हणजे बदल तिथंच तुटेल."

"मी? थांबू?" सासूबाईंचा पारा चढला. "न्यायाधीशांसाठी थांबले नाही, या डबड्यासाठी थांबते होय!"

"बरं, रविवारी बघते मी सवडीनं."

रविवारी म्हणे! तोवर काम हातचं गेलेलं असणार. दुसऱ्या दिवशी सून ऑफिसला गेल्यावर सासूबाईंनी चष्मा पुसला, एडिटरची मदतीची पानं उघडली आणि शेजारी शब्दकोश घेऊन बसल्या. कुठल्याही कळेला आपल्याला हवं ते काम नेमून देता येतं, असं त्यात निघालं. मग पूर्णविरामाच्या कळेला का नाही? सेटिंगच्या फाइलमध्ये त्यांनी एक ओळ लिहिली: ही कळ दाबली की पूर्णविराम उमटव आणि अनडूची हद्द तिथेच आख. प्रश्नचिन्हासाठी तशीच दुसरी. पहिल्या खेपेला एक कंस राहिला आणि एडिटर लाल अक्षरांत खेकसला. दुसऱ्या खेपेला पूर्णविराम उमटेचना. पाचव्या खेपेला तीन वाक्यं टाइप करून त्यांनी अनडू दाबलं. एकच वाक्य गेलं! सासूबाईंनी रिकाम्या घरात स्वतःलाच टाळ्या वाजवल्या.

शुक्रवारी डॉक्टरांनी नऊ वेळा वाक्य खोडायला लावलं. नऊही वेळा तेवढंच वाक्य गेलं. बारावा रिपोर्ट पावणेपाचला रवाना झाला, आणि सहाच्या सुमाराला उत्तर आलं, सोमवारपासून सुरुवात करा.

सुनेने घरी येऊन त्या दोन ओळी बघितल्या आणि कपाळावर हात मारला. "सहा वर्षं माझेही परिच्छेदच्या परिच्छेद असेच उडतायत हो आई, आणि मी आपली मुकाट सोसतेय!" तिने ओळी स्वतःच्या मशीनवर उतरवून घेतल्या आणि त्यांच्या वर आणखी एक ओळ टाइप केली.

"ही कशासाठी गं?"

"ही ओळ मशीन वाचत नाही. माणसांसाठी असते. काम कुणाचं ते लिहायची आमच्यात रीत आहे."

सासूबाई वाकल्या. 'ही युक्ती माझ्या सासूबाईंची,' असं लिहिलं होतं. हजारो पानं टाइप केली होती त्यांनी, पण खाली सही कायम साहेबांची. त्यांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली.

"ते तेवढं पुसू नकोस हं," त्या म्हणाल्या.